झाडाला कुणी विचारलं?

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. ऐतखाऊ, आयतोबा, फुकट्या. यांतला सगळ्यात जहरी शब्द मात्र बांडगूळ. फुकट्या म्हटलं तर माणूस हसतो आणि पुढच्या वेळी चहाचे पैसे देतो. बांडगूळ म्हटलं तर तो गप्प होतो. कारण त्या शब्दात 'तू काही करत नाहीस' एवढंच नसतं, 'ज्याच्यावर जगतोस त्यालाच तू संपवतोयस' असा आरोप असतो.

हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. शहरातल्या माणसाला अनुदान घेणारा शेतकरी बांडगूळ वाटतो, शेतकऱ्याला दलाल, कर भरणाऱ्याला सवलत घेणारा, आणि सासरच्यांना घरजावई. भाषणात 'समाजाला लागलेली बांडगुळं' म्हटलं की टाळ्या ठरलेल्या. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं कुणीतरी असतं. स्वतः कुणीच नसतो.

गंमत अशी की हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांनी खरं बांडगूळ निरखून बघितलेलं नसतं. म्हणून आधी ते बघू, मग माणसांकडे वळू.

मी मिरजगावचा. अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाताना कर्जत तालुक्यात हे गाव लागतं. पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, लिंबोणीच्या बागा, माळावर बाभळी, घरापुढं कडुनिंब आणि एखाद्या बांधावर जुना आंबा. थंडी सरली की सगळा शिवार पिवळा-तपकिरी होत जातो. अशा वेळी एखाद्या आंब्याच्या शेंड्याकडे बघा. एका फांदीवर मध्येच वेगळ्याच पानांचा, वेगळ्याच हिरव्या रंगाचा झुबका दिसेल. जवळ गेलात तर त्यात नारिंगी-लाल, बारीक, किंचित वाकलेल्या नळ्यांचे घोस दिसतील. ती बांडगुळाची फुलं. थोडा वेळ थांबलात तर काळसर-जांभळा, चमकणारा, अंगठ्याएवढा पक्षी 'च्वीट च्वीट' करत तिथं येईल आणि वाकडी चोच त्या नळीत घालेल. तो जांभळा शिंजीर.

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या पक्ष्याचा फोटो दर उन्हाळ्यात फिरतो आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, 'आपल्या शेतात हमिंगबर्ड!' हमिंगबर्ड भारतात नाहीत. ते फक्त अमेरिका खंडांत सापडतात. पण ग्रुपवरच्या माणसाला जे साम्य दिसलं ते खोटं नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात 'कोरल हनीसकल' नावाची देशी वेल आहे. तिलाही अशाच लांब नळ्यांची लाल फुलं येतात, आतून पिवळसर आणि जवळजवळ वास नसलेली. जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा, गळ्यावर माणकासारखा रंग असलेला हमिंगबर्ड त्यांतला मध प्यायला येतो. हमिंगबर्ड आणि शिंजीर एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. हनीसकल आणि बांडगूळही नाहीत. पण गरज सारखी होती. एका बाजूला दिवसा उडणारा, रंग ओळखणारा, चोच असलेला पक्षी, दुसऱ्या बाजूला पराग कुणीतरी वाहून न्यावेत म्हणून वाट बघणारं फूल. दोन कंपन्यांतल्या दोन टीमला एकच रिक्वायरमेंट दिली आणि एकमेकांचा कोड न बघता दोघींनी एकच डिझाइन काढलं, असा हा प्रकार.

म्हणजे 'आपल्याकडची हनीसकल कोणती' असं मला कुणी विचारलं, तर मी नर्सरीत जाणार नाही. बांधावरच्या आंब्याकडे बोट दाखवीन. फरक एवढाच की तिकडचे लोक ती वेल पैसे देऊन विकत आणतात आणि कुंपणावर चढवतात. आपण आपली कोयत्याने उतरवतो आणि उतरवताना शिवी देतो.

हनीसकलही दुसऱ्याला धरूनच वर चढते. वेल म्हणजे दुसऱ्याचं खोड वापरून उजेडापर्यंत पोचायची युक्ती. तिला आपण नाजूक म्हणतो, मुलीचं नाव 'वेल'वरून ठेवतो, वंशाची वेल वाढू दे म्हणतो. आधार मागितला तर नाजूक आणि पाणी मागितलं तर बांडगूळ. ही रेघ नेमकी कुणी आखली?

* * *

आता बांडगूळ नेमकं काय करतं ते बघू.

त्याला जमिनीत मूळ नसतं. बी फांदीवर चिकटतं, रुजतं आणि फांदीच्या सालीत एक शोषक मूळ घुसवतं. त्यातून झाडाचं पाणी आणि पाण्यातली खनिजं ते ओढून घेतं. इथपर्यंत आरोप शंभर टक्के खरा. पण त्याची पानं हिरवी असतात. म्हणजे ऊन खाऊन स्वतःचं अन्न ते बऱ्याच अंशी स्वतःच बनवतं. वनस्पतीशास्त्रात त्याला अर्धपरजीवी म्हणतात. आमच्याकडे लसूणघासात पसरणारी पिवळी अमरवेल आठवा. तिला पानं जवळजवळ नसतातच, ती सगळंच दुसऱ्याचं खाते. बांडगूळ त्या जातीचं नाही. शिधा ते शेजाऱ्याकडून आणतं, पण चूल स्वतःची पेटवतं.

मग ते देतं काय? १९३१ मध्ये सलीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या बांडगुळावर एक लेख लिहिला. शिंजीर आणि फुलटोच्या हे पक्षी बांडगुळाचा प्रसार कसा करतात, हा त्याचा विषय. फुलाची कळी पिकली की तिला चोचीचा दाब बसायचा अवकाश, ती फटकन उघडते आणि पराग पक्ष्याच्या अंगावर उडतात. फळ धरलं की फुलटोच्याची पाळी. हा चिमणीपेक्षा कितीतरी लहान पक्षी ते फळ गिळतो. बी थोड्याच वेळात पोटातून बाहेर पडतं, पण डिंकासारखं चिकट असल्यामुळे सुटत नाही. मग तो ते फांदीवर घासतो आणि नव्या बांडगुळाची लागण होते. पक्ष्याला अन्न मिळतं, बांडगुळाला वाहन. माळावर फुलं कमी असतात त्या दिवसांत या नळ्यांतला मध किती जिवांना पुरतो, ते एका सकाळी झाडाखाली उभं राहिलं तरी कळतं.

आणखी पुढचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. न्यू साउथ वेल्समध्ये डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग या संशोधकांनी काही वनतुकड्यांतली सगळी बांडगुळं काढून टाकली आणि काही तुकडे तसेच ठेवले. तिथलं बांडगूळ आपल्याकडच्याच कुळातलं. तीन वर्षांनी पक्षी मोजले. बांडगुळं काढलेल्या ठिकाणी वनावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांच्या चौथ्या हिश्शाहून अधिक जाती कमी झाल्या होत्या. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की गेलेले पक्षी प्रामुख्याने बांडगुळाचा मध पिणारे किंवा फळं खाणारे नव्हते. जमिनीवर किडे टिपणाऱ्यांचंही मोठं नुकसान झालं होतं. संशोधकांनी त्याचं कारण असं मांडलं: बहुतेक झाडं पान गाळण्याआधी त्यातला कस परत ओढून घेतात, बांडगूळ फारसा घेत नाही. ते कसदार पान तसंच खाली टाकतं. ते पान कुजतं, त्यावर किडे वाढतात, किड्यांवर पक्षी जगतात. झाडाकडून घेतलेलं बांडगूळ झाडाला परत करत नव्हतं हे खरं. पण ते स्वतःपाशी ठेवतही नव्हतं.

हे वाचून बांडगुळाची आरती ओवाळायची गरज नाही. एका आंब्यावर चार-सहा मोठी बांडगुळं झाली की फांद्या वाळतात, मोहर घटतो आणि दुष्काळात ते झाड आधी बसतं. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या झाडावर आहे त्याने जिथं बांडगूळ चिकटलंय त्याच्या थोडं खालून फांदी छाटावी, हेच शहाणपणाचं. माझा मुद्दा छाटणीचा नाही. शिवीचा आहे.

* * *

आता दुसरं झाड. चंदन.

मराठीत निःस्वार्थ माणसाला आपण काय म्हणतो? चंदनासारखा झिजला. शोकसभेत, गौरवग्रंथात, निरोप समारंभात हे वाक्य नसलं तर कार्यक्रम पूर्ण होत नाही. चंदन म्हणजे देणारा, स्वतः झिजून दुसऱ्याला सुगंध देणारा. देवाच्या कपाळी चंदन, बांडगुळाला कोयता.

पण अलीकडे आमच्या भागात ज्यांनी यूट्यूब बघून चंदनाची लागवड केली त्यांना विचारा. रोपवाटिकेवाला रोपासोबत पहिला सल्ला देतो, शेजारी तूर लावा आणि पुढं कायमचं म्हणून दुसरं एखादं झाड लावा. कारण चंदन एकटं नीट वाढत नाही. जमिनीखाली त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषक गाठी लावतात आणि त्यांच्याकडून पाणी आणि खनिजं घेतात. चंदन अर्धपरजीवी आहे. बांडगुळासारखंच. इतकंच नाही, वनस्पतींच्या वर्गीकरणात चंदन आणि बांडगूळ एकाच गणात येतात, आणि त्या गणाला नावही चंदनावरूनच दिलेलं आहे.

म्हणजे मराठीतला परोपजीवीपणाचा सगळ्यात मोठा अपमान आणि परोपकाराचा सगळ्यात मोठा गौरव, ही दोन भावकीतली झाडं. दोघांचा धंदाही एकच. फरक दोन. एक, चंदनाचं लाकूड आपल्या कामाचं आहे, बांडगुळाचा मध शिंजिराच्या. दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा, बांडगूळ डोळ्यांसमोर फांदीवर बसून पितं. चंदन मातीखाली पितं.

मला वाटतं आपल्या बऱ्याचशा नैतिक रागाची गोम इथं आहे. दुसऱ्यावर अवलंबून असण्याचा आपल्याला राग येत नाही. दिसेल असं अवलंबून असण्याचा येतो.

* * *

हे सगळं सुचायला कारण घरातलंच.

माझा चुलतभाऊ पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, अभ्यासिका, खानावळ, टेस्ट सिरीज. चार वर्षं झाली. एकदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षेत राहिला. दर महिन्याला घरून पैसे जातात. त्याचा धाकटा भाऊ गावी दहा एकर आणि सहा गाई बघतो. बहीण बीएस्सी झालेली, घरी असते.

मागच्या उन्हाळ्यात सगळे गावी होतो. दुधाचा हिशेब चालला होता. काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "एका बांडगुळाला अजून किती वर्सं पाणी पाजायचं?" चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. तो उठून बाहेर गेला. काकू म्हणाल्या, "अवो, पोरगं ऐकतंय." काका म्हणाले, "ऐकू द्या की."

त्याच ओट्यावर मी बसलो होतो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं मीही घरचंच खाल्लं होतं, फीही घरच्यांनीच भरली होती. पण मला कधी कुणी बांडगूळ म्हटलं नाही, कारण माझ्या चार वर्षांच्या टोकाला प्लेसमेंट नावाची तारीख होती. परतीची तारीख ठरलेली असली की अवलंबून असण्याला गुंतवणूक म्हणतात. तारीख पुढं ढकलत गेली की त्यालाच बांडगूळ म्हणतात. माणूस तोच, खानावळही तीच.

आणि आता? आता मी कमावतो, म्हणजे स्वावलंबी झालो असं सगळे धरून चालतात. पण माझं काम बघा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक शब्द दिवसभर वापरतो, डिपेन्डन्सी. मी एक छोटं ॲप बनवतो तेव्हा माझ्या शंभर ओळींखाली इतरांच्या लाखो ओळी असतात. त्यांतल्या बहुतेक कुणीतरी फुकट लिहून, फुकट सांभाळून जगाला दिलेल्या असतात. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी जगभरातल्या हजारो प्रोजेक्टचं बिल्ड बंद पडलं. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली आणि मोठमोठ्या कंपन्या रात्रभर जाग्या राहिल्या. ती लायब्ररी सांभाळणारे लोक ते काम फावल्या वेळात, स्वयंसेवक म्हणून करत होते. करोडोंची उलाढाल त्यांच्या फांदीवर बसून पाणी पीत होती. पण ती शोषक मुळं मातीखाली होती, चंदनासारखी. म्हणून त्या कंपन्यांना कुणी बांडगूळ म्हटलं नाही, आम्हा पगारदारांनाही नाही.

गावाचंही तेच. आमच्या कर्जत तालुक्याच्या शिवारात जे पाणी खेळतं त्यातलं बरंचसं कुकडीचं. म्हणजे जुन्नरच्या सह्याद्रीत पडलेला पाऊस धरणांत साठतो आणि कालव्याने पारनेर, श्रीगोंदा ओलांडून आमच्याकडे येतो. भोसे खिंडीच्या बोगद्यातून ते पाणी सीना धरणातही सोडतात. नकाशावर तो कालवा बघितला की मला सालीत घुसलेलं मूळ आठवतं. आवर्तन सुटलं नाही तर आम्ही रास्ता रोको करतो, आमच्या हक्काचं पाणी म्हणतो. तो हक्क आहेच. पण धरणाखाली ज्यांची शेतं गेली त्यांच्या बाजूने बघितलं तर आमचा अख्खा तालुका कुणाच्या तरी फांदीवर बसलाय. ज्या काकांनी मुलाला बांडगूळ म्हटलं त्यांचा ऊस त्याच आवर्तनावर उभा आहे.

* * *

इथपर्यंत आलं की एक सोपा निष्कर्ष समोर येतो. सगळेच एकमेकांवर अवलंबून आहेत, तेव्हा कुणीच कुणाला नाव ठेवू नये. तत्त्वज्ञानातही याला आधार मिळतो. अलास्डेअर मॅकइन्टायर यांचं 'डिपेन्डन्ट रॅशनल ॲनिमल्स' हे पुस्तक १९९९ मध्ये आलं. नीतीचा विचार करणाऱ्यांनी माणूस म्हणजे धडधाकट, कमावता, स्वतंत्र प्रौढ असं गृहीत धरलं आणि लहानपण, आजारपण, म्हातारपण आणि अपंगत्व विसरून गेले, अशी त्यांची तक्रार आहे. प्रत्येक जण घेण्या-देण्याच्या जाळ्यात जगतो. आणि ज्याच्याकडून घेतलं त्यालाच, घेतलं तेवढंच परत करता येतं असं नाही. आईने काढलेली जागरणं आपण आईला परत करत नाही, स्वतःच्या लेकराला देतो.

मराठीला हे ठाऊक होतं असं वाटतं. कारण आपल्याकडे नाळ हाही शब्द आहे. नाळ म्हणजे काय? दुसऱ्याच्या शरीरातून अन्न-पाणी ओढून घेणारी नळी. काम बांडगुळाच्या मुळाचंच. पण 'गावाशी नाळ जोडलेली आहे' म्हणताना आपला आवाज ओला होतो.

मला हा विचार पटतो, पण तो पुरेसा वाटत नाही. 'सगळेच अवलंबून आहेत' हे वाक्य सगळ्यात आवडीने कोण म्हणतं? जो पितो तो. ज्याच्या फांदीतून पाणी जातं त्याला हे वाक्य सुचत नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. शेतकऱ्याच्या कष्टावर आणि त्याने भरलेल्या पट्ट्यांवर कारभार चालतो, शाळा चालतात, पगार निघतात, आणि त्याचीच मुलं शाळेबाहेर राहतात. त्या व्यवस्थेत वर बसलेल्या कुणालाही आपण अवलंबून आहोत असं वाटत नव्हतं. उलट अडाणी शेतकरीच त्यांना ओझं वाटत होता. फुल्यांनी झाडाच्या बाजूने हिशेब मांडला. आपण सगळे एका जाळ्यात आहोत हे खरं असलं तरी जाळ्यातला ताण सगळ्या दोऱ्यांवर सारखा नसतो.

दुसरा सोपा निष्कर्ष उपयुक्ततेचा. बांडगूळ पक्ष्यांना मध देतं, म्हणून त्याला माफी. चुलतभाऊ उद्या अधिकारी झाला तर त्यालाही माफी. हा तर मला जास्त धोक्याचा वाटतो. कारण मग जो काहीच परत देणार नाही त्याचं काय? आमची आजी शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती. ती कुणाला मध देत नव्हती. तिला कुणी बांडगूळ म्हटलं असतं तर काकांनीच त्याच्या कानाखाली वाजवली असती. जगायची परवानगी उपयोग दाखवून मिळवायची असेल, तर आपल्यातल्या प्रत्येकाची ती कधी ना कधी रद्द होणार आहे.

मग उरतं काय? मला वाटतं आपण प्रश्न चुकीच्या टोकाला विचारतो. 'बांडगूळ कोण' हे विचारतो. 'झाड कोण' हे विचारत नाही.

आंब्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण आंबा बोलत नाही. बीने कोणत्या फांदीवर रुजायचं हे फुलटोच्या ठरवतो आणि फुलटोच्याला नीतीशी देणंघेणं नाही. माणसाचं वेगळं. ज्याच्यातून पाणी जातं तो बोलू शकतो. म्हणून माणसांत अवलंबून असणं योग्य की अयोग्य हे बांडगुळाकडे बघून ठरत नाही, झाडाकडे बघून ठरतं. त्याला विचारलं होतं का? किती फांद्या द्यायच्या हे त्याला ठरवता आलं का? वाळायला लागल्यावर 'आता बास' म्हणायची त्याला सोय होती का?

आमच्या घरात झाड कोण होतं? काका म्हणतील, मी. त्यांचे पैसे. धाकटा भाऊ म्हणू शकेल, मी. त्याचे कष्ट. दोघंही खरं बोलतायत. पण वही मिटल्यावर जी काही न बोलता कप उचलत होती ती बहीण. तिला बीएस्सीनंतर एमएस्सी करायचं होतं. पुण्यात दोघांचा खर्च झेपणार नाही असं चार वर्षांपूर्वी ठरलं. कुणी ठरवलं ते आता कुणाला नीट सांगता येत नाही. तसं ते ठरतच गेलं. तिच्या वाट्याचं पाणी वरच्या फांदीला गेलं आणि तिला कुणी झाडही म्हटलं नाही. गौरवही नाही आणि शिवीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी हे बोललो. वाटलं, चिडलेली असेल. ती म्हणाली, "दादाला पाठवायचं का म्हणून मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते रे. खरंच म्हणाले असते. पण विचारलं नाही ना कुणी."

ती त्यागाच्या विरोधात नव्हती. चंदनासारखं झिजायला ती तयार होती. पण झिजणं तेव्हाच तिचं झालं असतं, जेव्हा सहाणेवर चढायचं की नाही हे तिला ठरवता आलं असतं. न विचारता घेतलं की त्याग उरत नाही, नुसती वजाबाकी उरते. तिने पैसे मागितले नव्हते, परतीची तारीख मागितली नव्हती, तिच्या भावाने पास व्हावं अशी अटही घातली नव्हती. तिला फक्त तो प्रश्न हवा होता.

पुढं घरात बोलणं झालं. एकदा नाही, बऱ्याचदा, आणि आवाज चढवूनच. भावाची अजून एक वर्षाची मुदत ठरली, आणि यावेळी ती ठरवताना चौघंही बसले होते, बहिणीसकट. तिने बीएडचा फॉर्म भरलाय. धाकट्याने सहातल्या दोन गाई विकायच्या म्हटलं, त्याला काका अजून तयार नाहीत. सगळं सुटलं असं नाही. पण घरात तो शब्द परत निघाला नाही. त्याच्या जागी आता दर महिन्याला एक प्रश्न निघतो: या महिन्यात कुणाला जड जातंय? कधी कधी उत्तर मिळतं, 'मला.' मग रक्कम बदलते.

जुन्या संस्कृत निघंटूंत बांडगुळाला दोन नावं सापडतात. एक वृक्षादनी, म्हणजे झाड खाणारी. दुसरं वृक्षरुहा, म्हणजे झाडावर वाढणारी. वनस्पती एकच. ती खाते असंही म्हणता येतं आणि वाढते असंही. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी दोन्ही राहू दिली. मला वाटतं त्यांना हे माहीत असावं की यातलं कोणतं खरं आहे ते त्या वनस्पतीकडे कितीही वेळ बघत बसलं तरी कळणार नाही. त्यासाठी खालच्या फांदीची अवस्था बघावी लागते.

आपल्यापैकी बहुतेकांना आज वृक्षरुहा व्हायचंय. कुणी आईबापाच्या पैशावर शिकतोय, कुणी मित्राच्या रूमवर राहून नोकरी शोधतोय, कुणाच्या स्टार्टअपचा खर्च बायकोच्या पगारातून चाललाय. यात लाजण्यासारखं काही नाही. वर चढायला सगळ्यांनाच काहीतरी धरावं लागतं. फक्त ज्याला धरलंय त्याचं नाव आपल्याला माहीत असावं, आणि 'तुला जड होतंय का?' हे त्याला विचारता यावं. उत्तर 'हो' आलं तर ते ऐकताही यावं.